पान उलटून बघितलंस का

पांढरी माशी मोजताना माझ्याशी कुणी बोललेलं मला चालत नाही. पानावर सावली पडलेली तर त्याहून चालत नाही. टोमॅटोचं पान देठाजवळ दोन बोटांत धरायचं, श्वास रोखायचा आणि अलगद उलटं करायचं. पानाच्या पाठीवर, पिठात लोळून आल्यासारख्या, तांदळाच्या कणीहूनही बारीक माश्या बसलेल्या असतात. उडायच्या आत त्या मोजायच्या. ऊन चढलं की त्या बिचकतात, म्हणून हे सगळं सकाळी, पानांवर गारवा असतानाच. आणि नेमकं अशा वेळी मागून कुणीतरी येतं, पानावर सावली पाडतं आणि बांधावरून बांधावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारतं, “काय मॅडम, किती घावल्या?” भुर्रकन सगळ्या उडतात. मग मी जे बोलते ते इथं लिहिण्याजोगं नाही.

हे माझं पोटापाण्याचं काम आहे. मी कीटकशास्त्र शिकले आणि जुन्नर-आंबेगाव भागातल्या टोमॅटोत विषाणू पसरवणाऱ्या किडींवरच्या एका प्रकल्पात नोकरीला लागले. नारायणगावात एक खोली, एक स्कूटी, गळ्यात भिंग आणि सॅकमध्ये वह्या. संशोधन म्हटलं की लोकांना पांढरा कोट दिसतो. माझं संशोधन म्हणजे दिवसभर वाकायचं आणि संध्याकाळी कंबर धरून बसायचं.

माशीचं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ती नुसता रस पिते तेवढ्यानं झाड जात नाही. पण ती रोगट झाडावर बसली की रसाबरोबर विषाणू पोटात घेते, आणि तिथून उठून ज्या चांगल्या झाडावर बसेल त्याला तो देऊन येते. दोन-तीन आठवड्यांनी त्या झाडाचा शेंडा आखडतो, पानं वाटीसारखी वर वळतात, झाड बुटकं राहतं, फुलं गळतात. शेतकरी म्हणतात, बोकड्या आला. एकदा आला की त्यावर औषध नाही, झाड उपटून टाकायचं. माशीला मात्र काहीच होत नाही. ती मरेपर्यंत विषाणू वाहते आणि खुशाल असते. शेतकरी मेळाव्यात मी हे सांगते तेव्हा लोक हसतात, आणि मीही हसायची.

आता ताईचं सांगते. आमचं माहेर निरगुडसरचं. माझी थोरली बहीण महाळुंगे पडवळला दिलेली. आई आम्ही शाळेत असतानाच गेली. ताईची सासूही तिच्या लग्नानंतर दोन वर्षांत गेली. म्हणजे संसाराचं सगळं ताईनं कुणाला न विचारता, ठेचा खात शिकलं. बाळंतपणात डोक्याला कापूस बांधायला कुणी नाही, लोणच्यात मीठ जास्त झालं तर सांगायला कुणी नाही. पलीकडच्याच बांधाला दाजींचे चुलते, म्हणजे आबा, आणि त्यांच्या कारभारीण, काकी. घरं हाकेच्या अंतरावर, पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं. एकदोन नव्हे, अकरा वर्षं. काकी समोरून आल्या की ताईनं पदर सावरून बाजूला व्हायचं आणि दोघींनी रस्त्याकडे बघायचं.

मागच्या दिवाळीत ताईचं कशानं कोण जाणे, डोकं फिरलं. दाजींना न विचारता तिनं फराळाचं ताट भरलं, वर रुमाल टाकला आणि सरळ काकींच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. काकींनी ताट घेतलं. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी काकी ते घेऊन आल्या तेव्हा त्यात आबांच्या वाळलेल्या लाल मिरच्या होत्या, शीग लावून.

ह्या मिरच्या म्हणजे आबांचा जीव. दुकानाचं बी नाही, घरचं. दोन-अडीच गुंठ्यांत लावायचे आणि विकायचे नाहीत. वाळवून भावकीतल्या घराघरांत आणि सासरी गेलेल्या लेकींना द्यायच्या. अकरा वर्षं ताईचं घर त्या वाटपातून वगळलेलं होतं. त्या दिवाळीला ताईनं मला फोन केला आणि बोलताबोलता रडायलाच लागली. मी म्हटलं, “अगं, मिरच्यांसाठी कुणी रडतं का?” ती म्हणाली, “तुला न्हाई कळायचं.”

तेव्हापासून काकी रोज दुपारी ताईच्या ओट्यावर येऊन बसायच्या. कधी घेवडा सोलायचा, कधी नुसतं बोलायचं. त्यांचं बोलणं म्हणजे नळ सोडून ठेवल्यासारखं. मी गेले की माझी फिरकी घ्यायच्या. मी एकदा सांगितलं होतं की पांढरी माशी पिवळ्या रंगाकडे ओढली जाते, म्हणून आम्ही रानात पिवळे चिकट कागद लावतो. झालं. त्यानंतर मी दिसले की काकी लांबूनच ओरडायच्या, “आज पिवळं नेसले न्हाई गं बाई! तुझ्या माशा माझ्याच अंगाला डसायच्या.” ताई हसायची. इतकी हसताना मी तिला कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. तिला घरात एक मोठं माणूस मिळालं होतं, आणि ते टिकावं म्हणून ती काकींच्या चहात साखर किती हेसुद्धा जपत होती.

पुढे उन्हाळ्यात प्रकल्पासाठी मला एक टोमॅटोचा प्लॉट हवा होता. पिवळ्या कागदांनी माशी किती कमी होते ते बघायचं, म्हणजे फवारणी मी सांगेन तेव्हाच करायची, आणि चार ओळी तर काहीच न करता सोडायच्या. कोण शहाणा शेतकरी कबूल होईल? चार गावं फिरले. सगळीकडे चहा मिळाला, प्लॉट मिळाला नाही. शेवटी ताई म्हणाली, “आमचं वीस गुंठे घे. तुझंच रान हाय.” दाजी म्हणाले, “मॅडम घरच्याच म्हनल्यावर काय बोलायचं राव.”

लागवड झाली. मी सुरुवातीला रोज आणि मग आठवड्यातून दोनदा जायची. सकाळी लवकर निघायचं तर उसाच्या कडेनं जावं लागतं. बिबट्याचं भ्या म्हणून दाजी मोबाईलवर मोठ्यांदा भजन लावून मला घ्यायला फाट्यापर्यंत यायचे. रानाचा नकाशा मी वहीत काढला होता. ओळ कितवी, झाड कितवं, कुठल्या पानावर किती माश्या, पाणी कधी दिलं, वारा कुठून होता. डोळ्यांत तेल घालून लिहायची. आमचे सर म्हणायचे, तुमच्या वहीसारखी वही प्रकल्पात कुणाची नाही. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

लागवडीनंतर दहाएक दिवसांनी मी एका रोपवाटिकेवर नमुने घ्यायला गेले होते. गावाचं नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे. निघताना त्यानं टोमॅटोच्या रोपांचे दोन ट्रे माझ्या स्कूटीवर पायाशी ठेवले. “उरल्याली हायेत मॅडम, वाया जात्याल. कुनाला तरी द्या.” रोपाला नाही म्हणायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. आणि मी तशीही ताईकडेच निघाले होते. बहिणीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? आदल्याच दिवशी ताई म्हणाली होती की ड्रीपच्या शेवटच्या टोकाला पाणी नीट पोचत नाही, तिथली रोपं मेलीत, नांगे पडलेत. मेलेल्या रोपाची मोकळी राहिलेली जागा म्हणजे नांगा. मी ट्रे ओट्यावर ठेवले आणि म्हटलं, “घे, नांगे भर.” चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर सांगितलं, लावली गं रोपं. मी म्हटलं, बरं झालं.

वहीत ह्यातलं एक अक्षर लिहिलं नाही. लपवलं नाही बरं का, सुचलंच नाही. बहिणीला नेलेली वस्तू कुणी कधी लिहून ठेवतं का? ते घरातलं, आणि वही नोकरीची.

गुढीपाडवा झाला आणि बोकड्या दिसायला लागला. आधी पाच-सहा झाडं, मग आठवड्याभरात तीसेक. मी नकाशावर लाल पेन्सिलीनं फुल्या मारत गेले. सगळ्या फुल्या एकाच टोकाला, आबांच्या बांधाकडच्या. आणि बांधापलीकडे काय? आबांच्या मिरच्या. मी बांधावर उभी राहून बघितलं तर मिरच्यांचे शेंडे चुरडलेले, पानं आकसलेली. माझ्या डोक्यात खटकन सगळं जुळलं. रोग मिरचीतून आला, माशीनं बांध ओलांडला. नकाशा तर माझ्या हातात होता. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. ताईची झाडं जात होती, आणि मला उत्तर सापडल्याचा आनंद झाला होता.

मी तशीच बांध ओलांडून आबांकडे गेले. आबा मिरच्यांना पाणी देत होते, काकी खुरपत होत्या. मी त्यांना माशीचं सगळं सांगितलं, नकाशा दाखवला. मी म्हणाले, सगळ्या मिरच्या उपटाव्या लागतील. लवकर उपटल्या तर ताईचा निम्मा प्लॉट तरी वाचेल.

आबा म्हणाले, “पोरी, ह्या दरसाल उन्हाळ्यात अशाच आकसत्यात. पाऊस झाला की सरळ व्हत्यात.”

“ते तुम्हाला वाटतं, आबा. विषाणू कधी सरळ होत नाही.”

“समद्याच उपटू?”

“सगळ्याच.”

“तुला खात्री हाय न्हवं?”

मी म्हणाले, “शंभर टक्के.”

काकी उठून उभ्या राहिल्या. हातात खुरपं तसंच. “पान तरी उलटून बघितलंस का गं बाई?”

मला राग आला. ज्या बाईचं सगळं आयुष्य पानं उलटण्यात चाललंय तिला हे विचारायचं? मी म्हणाले, “काकी, हे माझं काम आहे. मला शिकवू नका.” तशी भाषा मी काकींशी कधी वापरली नव्हती. आणि मी पान उलटून बघितलं नाही. फक्त तपासणीसाठी मिरचीची चार पानं तोडून पिशवीत टाकली, वर चिठ्ठी लावली आणि निघाले. गळ्यात भिंग लटकत होतं.

आबांनी त्याच दुपारी मिरच्या उपटल्या. हिरव्या मिरच्या लगडलेल्या होत्या, लाल एकही झालेली नव्हती. ताई सांगत होती, त्यांनी गडी लावला नाही, दाजी मदतीला गेले त्यांनाही नको म्हणाले. एकटेच ओळीनं उपटत गेले. त्या दिवशी काकी ओट्यावर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी ताई पाण्याला गेली तर काकींनी रस्त्याकडे बघितलं, पहिल्यासारखं.

ताई मला एका शब्दानं बोलली नाही. एवढंच म्हणाली, “दुपारचं लई सुनं वाटतं गं.” मी तिला समजावलं की वैज्ञानिक गोष्टीत भावना आणून चालत नाही. आज हे वाक्य आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पानांची तपासणी लांबच्या प्रयोगशाळेत व्हायची. दाजींना मी सांगितलं होतं की कोरोनात माणसांची करायचे तसलीच. ते म्हणाले, “आयला, पानाच्या बी नाकात काडी घालत्यात का?” निकाल यायला महिना गेला. तोवर ताईचा प्लॉट निम्म्याहून जास्त रोगानं बसला होता. मिरच्या उपटूनही रोग थांबला नव्हता, पण मी स्वतःला सांगत होते की आपल्याला उशीर झाला.

निकाल आला. टोमॅटोच्या पानांत विषाणू होता. मिरचीच्या पानांत नव्हता. चारही पानांत नव्हता.

मी मिरचीच्या पानांचे त्या दिवशी मोबाईलवर काढलेले फोटो उघडले. फोटो मोठा केला. पानं खाली वळलेली होती, होडी पालथी घातल्यासारखी. वर वळलेली नव्हती. आता हे कीटकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही माहीत असतं. मिरचीचं पान खाली वळलं तर कोळी. कोळी म्हणजे डोळ्याला न दिसणारा बारीक जीव, पानाच्या पाठीवर बसून रस पितो, भिंगातून बघितलं तर पळताना दिसतो. पावसानं धुऊन जातो आणि झाड पुन्हा सरळ होतं. आबा दरसाल जे बघत होते तेच मला सांगत होते. पान उलटून भिंग लावलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

मग ताईच्या रानात रोग आला कुठून? पहिल्या फुल्या त्याच टोकाला का? दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन ताईकडे गेले. ती वाटण वाटत होती. मी नकाशा तिच्यासमोर धरला आणि विचारलं, “ह्या टोकाला तू काही वेगळं केलं होतंस का? खत, पाणी, काही?”

तिनं नकाशाकडे बघितलंही नाही. “काय वेगळं? ड्रीपचं टोक ते. ती तर तू आणल्याली रोपं.”

“कुठली रोपं?”

“अगं, दोन ट्रे न्हाई का आणलेस? नांगे भर म्हनलीस. तिथंच तर भरले.” मग माझ्या तोंडाकडे बघून ती थांबली. “तुला ठावंच हाय की.”

मला ठाऊकच होतं. आठवत नव्हतं इतकंच. त्या रोपवाटिकेची जाळी एका बाजूनं फाटलेली होती, शेजारी जुना टोमॅटो वाळत उभा होता, हे मी त्या दिवशीच बघितलं होतं आणि नमुन्यांच्या कागदावर लिहिलंही होतं. आणि मग तिथलेच दोन ट्रे पायाशी ठेवून मी बहिणीकडे आले. एकाही रोपाचं पान मी उलटून बघितलं नाही. भेट दिलेल्या वस्तूची कुणी झडती घेतं का?

ताईनं हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, “मग आबांच्या मिरच्या?”

“चांगल्या होत्या.”

ती खाली बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “अकरा वर्सांनी आली व्हती गं म्हातारी माझ्या ओट्यावर.”

सरांना मी सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, “अहवालात लिहा, रोगट रोपांमधून प्रसार. रोपं कुणी आणली हे लिहायची काय गरज? चूक होते.” कागदापुरतं ते बरोबर होतं. पण मला आबांकडे जायचं होतं आणि मी जात नव्हते. आज नमुने आहेत, उद्या बैठक आहे. पंधरा दिवस मी महाळुंग्याच्या फाट्यावरून सरळ पुढे गेले. मला भीती वाटत होती आणि लाज वाटत होती, दोन्ही.

शेवटी एका दुपारी गेले. वाटेत गाडीवर आंबे दिसले, सवयीनं स्कूटी थांबवली, आणि मग तशीच पुढे काढली. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी मुद्दाम रिकाम्या हातानं गेले. माझ्या हातून कुणी काही घ्यावं अशी माझी लायकी राहिली नव्हती.

आबा कांद्याच्या चाळीत सडके कांदे निवडत होते. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. निकाल, कोळी, दोन ट्रे. “तुमच्या मिरच्यांत काही नव्हतं आबा. रोग मीच आणला. स्कूटीवरून.”

ते निवडत राहिले. एक सडका कांदा बाहेर फेकला. मग म्हणाले, “मिरच्यात काय न्हाई ते मला ठावं व्हतं.”

“मग उपटल्या कशाला?” माझा आवाज चढला. अशा वेळीही चढला. “मला दोन शिव्या घालायच्या, हाकलून द्यायचं!”

“तू शंभर टक्के म्हनलीस. आन म्या न्हाई उपटल्या असत्या, आन तुझ्या ताईचा प्लॉट बसला असता, तर काय झालं असतं? चुलत्यानं मुद्दाम रोग ठिवला. हेच झालं असतं का न्हाई? परत अकरा वर्सं.” त्यांनी पुढचा कांदा घेतला. “म्या म्हनलं, जाऊ दे मिरच्या.”

मी नकाशा, माशी, वारा सगळं त्या माणसाला शिकवत होते, आणि तो मात्र हे सगळं मोजून बसला होता.

“काकी?” मी विचारलं.

“ती आइकत्या का माझं? तिला म्हनलं, सून हाय, जा बोल. म्हन्ती, ज्यांच्यामुळं उपटल्या त्यांच्या दारात मी कशाला जाऊ.”

काकी घरातच होत्या. दाराआड त्यांच्या पाटल्या वाजलेल्या मी ऐकल्या होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. उठताना आबा म्हणाले, “लई मनाला लावून घिऊ नको. माशीला तरी कुठं ठावं असतं ती काय घिऊन आली त्ये.” त्यांनी ते समजूत घालायला म्हटलं होतं. मला ते अजून टोचतं. माशी शिकलेली नसते.

अहवालात मी सगळं लिहिलं. रोपं संशोधन साहाय्यकानं स्वतः आणली, नोंद केली नाही, शेजारच्या मिरचीवर तपासणीआधीच ठपका ठेवला. सरांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि सही केली. ताईनं उरलेला प्लॉट मोडला आणि मका केला. मी रविवारी जायची, पण दुपारी तिच्या ओट्यावर आम्ही दोघीच असायचो. पलीकडे बघायचं नाही असं ठरवूनही दोघी पलीकडेच बघायचो.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी ताईकडे आले होते. आई नाही, म्हणून पंचमीला आम्ही एकमेकींचं माहेर होतो. पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं होतं. मी मक्याच्या कडेनं चालले होते तर बांधावरून हाक आली.

“ए मॅडम!”

काकी. हातात पाटी, पाटीवर ओलं फडकं. मी गेले. त्यांनी पाटी माझ्यासमोर बांधावर ठेवली आणि फडकं बाजूला केलं. मिरचीची रोपं होती, मुळांना माती धरलेली, जुड्या बांधून ठेवलेली. मागच्या सालचं बी त्यांनी राखेत घोळवून डब्यात ठेवलेलं होतंच. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कुठं विचारलं होतं?

“आमची लावून झाली. ही उरल्याली हायेत,” काकी म्हणाल्या. “तुझ्या ताईला लावाया. उद्या पंचमी, उद्या माती उकरू नगा. परवा लावा.”

मी पाटीला हात लावला आणि थांबले. उरलेली रोपं. नाही म्हणायचं नसतं. बहिणीकडे न्यायची. तीच वाट, तेच हात. काकी माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांना सगळं कळत होतं.

“बघ की उलटून,” त्या म्हणाल्या. “तुझंच काम हाय न्हवं?”

मी खाली ओल्या बांधावर बसले, गळ्यातलं भिंग काढलं, वही उघडली. वर लिहिलं: मिरची रोपं, काकींनी दिलेली, ताईच्या रानासाठी. मग एकेक रोप हातात घेऊन एकेक पान उलटायला लागले. काकी माझ्या अगदी जवळ येऊन वाकून उभ्या राहिल्या. दोन रोपांच्या पानांखाली माशीची अंडी दिसली. ती मी बाजूला काढली.

“ही दोन नकोत, काकी. बाकीची मला ठीक दिसतात.”

“शंभर टक्के व्हय?”

“नाही. बघितलं तेवढंच सांगते.”

त्या हसल्या, दोन रोपं पायाखाली रगडली आणि बोलायला लागल्या. ताईला म्हणावं मिरची पाण्याच्या कडेला लाव, तुझ्या दाजीला म्हणावं पाळी बदलून घे, तुझ्या ताईचा चहा लई फिका असतोय, तिनं साखर धरून ठेवलीया का, दुपारी येते तेव्हा सांगते तिला. नळ सोडल्यासारखं. त्यांची सावली सगळ्या पानांवर पडली होती. मला पानांची पाठ नीट दिसत नव्हती, म्हणून मी प्रत्येक रोप उचलून उन्हात धरत होते. अजून निम्मी जुडी बाकी होती. मी त्यांना बाजूला व्हा म्हटलं नाही, की गप्प बसा म्हटलं नाही.